पट्टीखालचा लाल दिवा

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे, पण माझ्या उजेडात आजवर कोणी पुस्तक वाचलेले नाही. फिनलंडमधल्या एका मोटारीत, स्टीअरिंगच्या मागे, काचेआड मी बसतो. नखाएवढा, लाल. हातब्रेक ओढलेला राहिला किंवा ब्रेकचे तेल उतरले की पेटायचे, एवढेच माझे काम. कारखान्यात एका बाईने मला पेटवून पाहिले आणि पसंतीची मान डोलावली. त्या दिवशी मला केवढा अभिमान वाटला होता!

ऑस्मो आणि हिल्का या नवराबायकोने आमची गाडी घेतली. माझ्या शेजारी दोन पिवळे दिवे होते. एक जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणाऱ्या एबीएसचा, दुसरा घसरणारी गाडी सावरणाऱ्या यंत्रणेचा. कित्येक वर्षे आम्ही तिघेही विझलेले होतो. आमच्या जातीला यापेक्षा मोठे सुख नसते.

मग रस्त्यावरच्या मिठाने घात केला. बर्फ वितळावे म्हणून टाकलेले ते मीठ चाकापाशी साचले, चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरवर गंज चढला आणि दोन्ही पिवळे दिवे एकदम पेटले. रायमो मेकॅनिकने सेन्सर घासून दिला. "पिवळा पेटला तर सावकाश इकडे आण," तो म्हणाला, "पण लाल पेटला तर आहेस तिथेच थांब. काय?"

थोड्याच दिवसांत पिवळे पुन्हा पेटले. पेट्रोलपंपावर कॉफी पीत बसणाऱ्या मंडळींना आयताच विषय मिळाला.

"काय ऑस्मो, तुझे नाताळचे दिवे अजून उतरले नाहीत वाटतं!"

"अरे, गाडीचं वीजबिल भरतोस ना वेळेवर?"

ऑस्मो हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. पुढच्या वेळी तो रायमोकडे गेलाच नाही. त्याने काळी चिकटपट्टी आणली आणि काचेवर आडवी चिकटवून टाकली. पिवळ्यांबरोबर मीही झाकला गेलो. हिल्काने विचारले तर म्हणाला, "काही नाही गं, डोळ्यांवर उजेड येतो."

भर हिवाळ्यात ब्रेकची नळी गंजून पाझरू लागली. तेल उतरले. मी पेटलो. ऑस्मो माझ्यासमोर बसून रेडिओ ऐकत होता आणि मी पट्टीआड जळत होतो. ज्या एका कामासाठी जन्मलो, तेच माझ्या हातून होत नव्हते. मित्रांनो, मला फार लाज वाटली.

एकदा ऑस्मो तापाने झोपून होता, म्हणून हिल्का एकटीच चर्चमध्ये गायला निघाली. हीटरच्या उबेने पट्टीचे टोक सुटले आणि तिला लाल रेघ दिसली.

"ह्याने हातब्रेक ओढून ठेवला की काय?" ती पुटपुटली, पण तिचे तिलाच पटेना. आमच्याकडे थंडीत हातब्रेक कोणी ओढत नाही, तो गोठून अडकतो. तिने चाचपून पाहिले. दांडा खालीच होता.

तिने पट्टी ओरबाडली. "मग तू कशाला पेटलायस रे?"

पुढे उतार होता आणि उताराच्या तळाशी मोठा रस्ता. तिने ब्रेक दाबला, तो थेट तळाला टेकला. एकेक गिअर खाली आणत तिने गाडी कडेच्या बर्फाच्या ढिगात घातली. खालच्या मोठ्या रस्त्यावरून लाकडांनी भरलेला ट्रक भरधाव निघून गेला.

तिने घरी फोन केला. शेजाऱ्याच्या गाडीतून ऑस्मो अंगात ताप घेऊनच आला.

"हिल्का, लागलं का गं कुठे?"

तिने ती पट्टी त्याच्या हातात दिली. "हे कोणापासून लपवलंस?"

"लोक हसत होते गं..."

"मी हसले असते का?"

ऑस्मो खाली मान घालून तिथेच बर्फात बसला. मी अजून पेटलेलाच होतो. उघड्या दारातून त्याला तसे बघताना मलाच मेल्याहून मेल्यासारखे झाले.

रायमोने नळी बदलली, सेन्सरही नवा घातला. मित्रांनो, आमच्यापैकी कोणी पेटले तर त्याला झाकू नका. चार लोक हसले तर हसू द्या.

किल्ली फिरवली की आम्ही सगळे क्षणभर पेटतो आणि ठीक असलो तर विझतो. पूर्वी तेवढ्या वेळात हिल्का हातमोजे शोधत असे. आता ती पुढे वाकून आमच्याकडे बघत राहते आणि शेवटचा दिवा विझल्यावरच सीटचा पट्टा लावते. ऑस्मो शेजारी बसून खिडकीबाहेर बघत थांबतो, आणि मी होईल तितक्या लवकर विझतो.