अडतीसचा होल मोठा पडतो

मी अडतीस बोलतोय. अडतीस हे माझं वय नाही, तेवढा मी अजून म्हातारा झालेलो नाही. ते माझ्या नळीचं माप आहे. आम्हा पिस्तुलांना नावाने कुणी हाक मारत नाही, नळीच्या मापाने मारतात. बारीक तो बावीस, मधला तो बत्तीस आणि जाडा तो मी. माणसांना कमरेच्या मापाने हाक मारायची पद्धत असती तर रस्त्यात किती जण हाकेला ओ न देता सटकले असते, याचा विचार करून मी कपाटात एकटाच हसतो.

घाबरू नका. पिस्तूल असलो तरी जन्मात कागदाखेरीज कुणाला मारलेलं नाही. मी नेमबाजीच्या स्पर्धेचा. शिक्षण म्हणाल तर दहापर्यंत, कारण टार्गेटवर त्याच्या पुढचा आकडाच नसतो. त्यातले आठ, नऊ, दहा मला चांगले येतात. सातची गोष्ट पुढे येईल. ती सांगताना माझी चेष्टा जरा आटेल, तेवढी सवलत द्या.

ज्या कारागिराने माझा चाप बसवला तो दिवसभर शिट्टी वाजवायचा आणि मधूनच दात कोरायचा. त्याने मला तेल पाजलं, चाप चारदा ओढून बघितला आणि म्हणाला, "जा, कुणाचा तरी हात बिघडव." तो गमतीत म्हणाला होता. मीही गमतीतच घेतलं.

माझा पहिला मालक नेमबाजी क्लबचा सेक्रेटरी. चौदा वर्षं मी त्याच्या हातात होतो. मला लाथ मारायला आवडायचं, खोटं कशाला बोलू. गोळी सुटली की मी असा मागे उसळायचो की त्याचा चष्मा नाकावरून घसरायचा. तोही खूश, मीही खूश. मग त्याचं मनगट दुखायला लागलं. हे त्याने बायकोलाही सांगितलं नाही. क्लबात सांगितलं, "आता जरा बदल म्हणून बत्तीस घेतोय." आणि मला विकायला काढलं.

तेव्हा टर्नर आला. चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर लोखंड कातून निवृत्त झालेला माणूस. खिशात पेन नसेल पण व्हर्नियर असायचाच. जे दिसेल ते मोजायचा. बिस्किटाची जाडी मोजायचा, नव्या चपलेचा तळ मोजायचा. त्याची बायको म्हणायची, "मला बघायला आले तेव्हा आधी दाराची चौकट मोजली, मग माझ्याकडे बघितलं."

त्याला पिस्तूल हवं होतं मुलीसाठी. मुलीला घरी खारू म्हणायचे, लहानपणी गालात शेंगदाणे साठवायची म्हणून. आता ती दातांच्या कवळ्या बनवायची. दुसऱ्यांचे दात घासून चमकवून तिचा हात इतका स्थिर झाला होता की क्लबचं उसनं बत्तीस घेऊन ती भल्याभल्यांना घाम फोडायची. राज्याच्या संघात तीन जागा. दोन पक्क्या, तिसरीसाठी निवड स्पर्धा. सात वर्षं ती त्या तिसऱ्या जागेच्या उंबऱ्यावर उभी होती. या वेळी आत जाणार असं क्लबातला माळीसुद्धा म्हणत होता.

आता टर्नरची अक्कल ऐका. नियम असा आहे की गोळीचा होल आतल्या वर्तुळाच्या रेषेला नुसता टेकला तरी आतले गुण मिळतात. टर्नरने बत्तीसचा होल मोजला, अडतीसचा मोजला. फरक एक मिलिमीटरच्या वर.

"खारू, हे फुकटचे गुण आहेत," तो म्हणाला. "होल मोठा, म्हणजे रेषा जास्त वेळा कापणार."

"बाबा, बत्तीस माझ्या हातात बसलंय. आणि आधी नियमावली तरी वाचू या."

"वाचायचं कशाला? मोजता येतंय ना."

सेक्रेटरी शेजारीच उभा होता. टर्नरने त्याला विचारलं, "काय हो, अडतीसचा होल मोठा पडतो ना?"

सेक्रेटरीने मला फडक्याने पुसलं आणि शांतपणे म्हणाला, "होल मोठाच पडतो."

यात खोटं काय होतं? काहीच नाही. पण त्याच्या अलीकडे-पलीकडे जे होतं ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही. चौदा वर्षं मी पंचांचं काम बघितलं होतं. मी गप्प बसलो. मला तोंड नाही हे खरं, पण असतं तरी गप्पच बसलो असतो. कपाटात सडायचा कंटाळा आला होता मला. कुणीतरी मला निवडत होतं, एवढंच दिसलं.

पहिल्याच दिवशी मी खारूला लाथ मारली. सवयीने, मजेत. ती हसली. "म्हातारं खट्याळ आहे," म्हणाली. दुसऱ्या महिन्यात ती हसायची बंद झाली. मनगटाला पट्टी बांधून यायची, कारण दिवसा कवळ्या घासायच्या आणि संध्याकाळी माझ्या लाथा खायच्या. गुण मात्र वाढत होते. म्हणजे टर्नर वाढवत होता. क्लबात सरावाला पंच कोण आणतो? टर्नरच मागे उभा राहून व्हर्नियर लावायचा. "टेकला. दहा." पुन्हा, "टेकला. दहा." बापाने दिलेले गुण, नाही कोण म्हणणार?

मग खारूने स्वतःच स्वतःची परीक्षा घेतली. आई डबा घेऊन आली होती. खारूने तिच्या हातात मॅगझिन दिलं आणि चार गोळ्यांबरोबर एक नकली गोळी दिली.

"आई, चार खऱ्या भर. मध्ये कुठेतरी ही नकली घाल. कुठे ते मला सांगू नकोस."

"आता हे काय नवीन? लोणी लावून भरू की तशीच?"

"आई, भर ना गं."

आईने भरलं. खारूने मला उचललं. एक गोळी गेली, दुसरी गेली. तिसऱ्या वेळी चाप ओढला आणि नुसता खट्ट आवाज झाला. धक्का नाही, धूर नाही. तरीही माझी नळी दोन बोटं खाली गेली. मी काही केलं नव्हतं. तिच्या हातानेच, लाथ बसणार या भीतीने, मला आधीच खाली दाबलं होतं.

आईने बघितलं. "दचकलीस की काय?"

"मी नाही," खारू म्हणाली. "हात दचकला."

घरी तिने बापाला सांगितलं, "बाबा, हाताला भीती बसलीय. स्पर्धेला बत्तीस घेते."

"सवय होईल. शेवटी गुण बघ, सरावात चढताहेत ना?"

"तुम्ही देताय म्हणून चढताहेत."

"मी नाही देत, माप देतं."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुमच्या त्या मापाला एकदा तिचं मनगट दाखवा." पण टर्नरने व्हर्नियर पुसून खिशात ठेवला आणि विषय तिथेच संपला. खारूने मग वाद घातला नाही. बापाने तिच्यासाठी निवृत्तीनंतर पहिल्यांदा काहीतरी जीव लावून शोधलं होतं. ते मोडायला तिचा जीव धजला नाही. माणसांचं हे एक मला कधी कळलं नाही. बापाचं मन राखायला स्वतःचा हात देऊन टाकतात.

निवड स्पर्धेच्या दिवशी शेवटच्या पाच गोळ्यांपर्यंत खारू आणि एक बस चालवणारी बाई बरोबरीत होत्या. ती बाई बत्तीसवाली. दोघींपैकी एकीला तिसरी जागा.

खारूची पहिली दहा. दुसरी दहा. तिसरी नऊ. चौथी दहा. मी अंग चोरून बसलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला लाथ मारायची नव्हती. पण माझी घडणच तशी, बारूद पेटला की मला थांबता येत नाही. आणि खरं सांगू, पाचव्या वेळी तर मी उसळायच्या आधीच तिचा हात दचकला. सात.

हाच तो सात.

ड्रायव्हरबाईच्या टार्गेटवर नऊ, नऊ, दहा, नऊ झाले होते आणि पाचवा होल दहाच्या रेषेच्या अगदी जवळ होता. तो नऊ ठरला तर दोघींचे गुण सारखे, पुन्हा सामना. दहा ठरला तर बाई संघात. टर्नर पुढे झाला, वाकून बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. होल रेषेला टेकलेला नव्हता. मध्ये कागदाची बारीक कड स्वच्छ दिसत होती.

"नऊ आहे," तो म्हणाला.

पंचबाईंनी पेटीतून होल तपासायचा पितळी गेज काढला, त्याचा दांडा होलात घातला आणि भिंगातून बघितलं. गेजची चकती होलापेक्षा मोठी. तिची कड रेषेवर चढली होती.

"दहा," पंचबाई म्हणाल्या.

"अहो, पण हा बत्तीसचा होल आहे. बघा ना, टेकलेलाच नाही."

"काका, गेज सगळ्यांना एकच असतो. बत्तीस मारा नाहीतर अडतीस, चकती मोठ्यात मोठ्या गोळीच्या मापाची. कागदावर होल केवढा पडला ते आम्ही बघतच नाही."

"कधीपासून?"

"मी या कामाला लागले त्याच्या आधीपासून. नियमावलीत आहे."

टर्नर म्हणाला, "जरा बघू?" आणि हात पुढे केला. पंचबाईंना वाटलं भांडतो की काय. त्याने खिशातून व्हर्नियर काढला आणि गेजची चकती मोजली. एकदा मोजली, फिरवून पुन्हा मोजली.

"माप बरोबर आहे," तो म्हणाला आणि गेज परत दिला.

सेक्रेटरी मागे उभा राहून स्वतःच्या बुटांच्या नाड्या बघत होता. टर्नर त्याच्याकडे वळला. "तुम्ही म्हणाला होतात..."

"मी म्हणालो होल मोठा पडतो. पडत नाही का?"

खारूने दोघांकडेही बघितलं नाही. तिने मला रिकामं केलं, पुसलं, पेटीत ठेवलं. इतक्या हळुवारपणे की मला वाटलं, एकदा आपटलं असतं तर बरं झालं असतं.

नंतर तिने बत्तीस घेऊन बघितलं. बावीसही घेऊन बघितलं. बावीसची लाथ म्हणजे मांजराच्या पिल्लाची थाप. पण दचक माझ्याकडे राहिली नव्हती, ती तिच्याबरोबर गेली होती. तीन महिन्यांनी तिने क्लबात जाणं सोडलं. कवळ्या अजून सुरेख करते म्हणतात. तिच्या कवळ्या घातलेले म्हातारे गावभर हसतात.

मी टर्नरच्या घरच्या लोखंडी कपाटात. दर रविवारी तो मला तेल देतो. बोलत नाही. मीही किती विनोद करणार?

परवा एक बेकरीवाला मला बघायला आला. कोपरापर्यंत पीठ लागलेलं, उत्साही गडी. स्पर्धेत उतरायचंय म्हणाला. मला हातात घेऊन तोलत त्याने विचारलं, "काका, अडतीसचा होल मोठा पडतो ना? रेषा कापायला बरा."

टर्नर फडक्याची घडी घालत होता तो थांबला. "होल मोठाच पडतो," तो म्हणाला, आणि मला वाटलं, चला, निघालो पुन्हा. "पण तो मोजत कुणी नाही."

मग त्याने सगळं सांगितलं. गेज, चकती, व्हर्नियर, खारूचं मनगट. मुलीला एका शब्दाने जे कधी बोलला नव्हता ते त्या पिठाच्या माणसाला बोलला. खारू दारात उभी होती. हातात कुणाचे तरी खालचे दात होते. तिने ते कपाटावर ठेवले आणि बेकरीवाल्याला म्हणाली, "हात बघू." त्याचा हात उलटा करून बघितला, बोटं मोजल्यासारखी दाबली. "अजून वर्षभर बावीस मारा. मग बत्तीस घ्या. हे नको."

"पण बघायला काय ऐटबाज आहे हो."

"ऐटबाज आहेच," ती म्हणाली आणि तिने मला उचललं. कितीतरी दिवसांनी. चेंबर रिकामं असल्याची खात्री केली, दोनदा. समोर भिंतीवर दिनदर्शिका होती, तिच्यातल्या एका तारखेवर मला धरलं. हात जसा होता तसाच, दगडासारखा स्थिर. मी मनातल्या मनात म्हणालो, आता नाही. आता नाही.

तिने चाप ओढला. खट्ट.

नळी दोन बोटं खाली गेली.

"अजून आहे," खारू म्हणाली. मला पेटीत ठेवलं, दात उचलले आणि आत गेली. टर्नर दिनदर्शिकेकडे बघत बसला. त्याचा हात खिशाकडे गेला आणि परत आला. मोजण्यासारखं तिथे काही नव्हतं.

तर वाचकहो, बेकरीवाला बावीस घ्यायला गेला आणि मी पुन्हा कपाटात. खरं बोलल्याने माझं गिऱ्हाईक तुटलं, हे मी कुणाला सांगू? सांगायचं एवढंच. आमच्यापैकी कुणाला घ्यायचं असेल तर नळी नंतर बघा, आधी आपल्या हाताला विचारा. आणि ज्याला माहीत आहे असा कुणी शेजारी फडक्याने पिस्तूल पुसत गप्प उभा असेल, तर त्याला दुसऱ्यांदा विचारा.

माझ्याकडे विचारायला येऊ नका. मी तेव्हाही गप्प बसलो होतो.