बाळापूरच्या तंबूतला मूकपट

अकोल्याच्या केशवराव वकिलांची बहीण दुर्गाबाई ऐन तरुणपणी विषमज्वरातून उठली, ती दोन्ही कान गमावूनच. सासरच्यांनी थोडे दिवस वाट पाहिली आणि तिला भावाकडे आणून सोडलं. घरातलं बोलणं तिला ओठांवरून अर्धंमुर्धं कळे. उरलेलं पुन्हा सांगायला कोणाला सवड नसे.

थेटरात मात्र तिचं काही अडत नसे. पडद्यावरची माणसं सगळ्यांसाठीच मुकी होती. बायकांच्या बाजूला वाचता येणाऱ्या थोड्याच. मधूनमधून पडद्यावर संवादांची अक्षरं आली की दुर्गाबाई मोठ्याने वाची आणि माना तिच्याकडे वळत. स्वतःचा आवाज तिला ऐकू येत नसे. पण बायकांचे पदर डोळ्यांना लागले की तो पोचल्याचं समजे.

मग बोलपट आले. पहिल्याच खेळाला ती हौसेने गेली. पडद्यावर नुसती तोंडं हलत होती, अक्षरं कुठेच नव्हती. सगळं थेटर हसलं, तेव्हा तिने सोबत आलेल्या शेजारणीला, विमलला, कोपराने ढोसलं.

"नंतर सांगते," विमल म्हणाली. ते नंतर काही आलं नाही. दुर्गाबाईनेही थेटरात जायचं सोडलं.

काही वर्षांनी बाळापूरच्या जत्रेत तंबूतला सिनेमा आला, जुने मूकपट घेऊन. दुर्गाबाई निघाली तशी कौशल्यावहिनी तिच्यासमोर येऊन म्हणाली, "त्या जुन्यापान्या चित्रांत काय पाहायचं आता?"

"चेहरे," दुर्गाबाई म्हणाली आणि एकटीच मोटारीत बसली.

फितीवर इतके चरे पडले होते की पडद्यावर सारख्या रेघा धावत होत्या. हा सिनेमा तिने पूर्वी पाहिलेला. नवऱ्याने दुसरं लग्न केल्याचं नायिकेला कळतं, तेव्हा ती त्याच्या सदऱ्याची घडी घालत असते. ती रडत नाही. घडी मोडते, पुन्हा घालते, पुन्हा मोडते. पहिल्यांदा पाहताना दुर्गाबाई त्या बाईच्या डोळ्यांत पाणी शोधत बसली होती. आज तिने फक्त हात पाहिले.

भानावर येऊन पाहते तो खेळ चालू असतानाच तंबू रिकामा होत आलेला. पोरं तोंडात बोटं घालून शिट्ट्या मारत बाहेर पडत होती. मागे उरली एक म्हातारी शेतकरीण. ती सरकत जवळ आली, पडद्यावरच्या अक्षरांकडे बोट करून म्हणाली, "काय लिवलं हाय वं बाई? मले वाचता येत नाई."

दुर्गाबाईने वाचलं. आवाज निघतो की नाही ते कळावं म्हणून गळ्यावर हात ठेवला. म्हातारी मान डोलावत राहिली. शेवटपर्यंत दोघीच होत्या.

उठताना म्हातारीने तिचा हात धरला. "लय चांगलं सांगतलं. उद्या येतं काय?"

"येते," दुर्गाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती पोचली तेव्हा माणसं तंबूच्या खुंट्या उपटत होती. मालक तिच्याकडे तोंड करून म्हणाला, "कोनी थांबतच नाई बाई. आता बोलतं मशीन आणून राहिलो आमी."

तिने म्हातारीला बांगड्यांच्या दुकानांत शोधलं, बैलांच्या बाजारात शोधलं. नाव विचारायचं राहूनच गेलं होतं, गावही. दिवस कलला, शेवटची मोटार लागली.

घरी वहिनीने हातवारे करून विचारलं, कसा झाला सिनेमा?

"तंबू उठला," दुर्गाबाई म्हणाली, आणि तांदूळ निवडायला सूप पुढे ओढलं.