लाल छत्रीच्या मागे

दादा आला तो परतीची दोन तिकिटं खिशात घेऊनच. एक त्याचं, एक धाकटीचं. गेल्या वर्षी तिचा नवरा गेला तेव्हापासून त्याचं एकच पालुपद होतं: एकटी बाई, एवढं मोठं शहर, उद्या ताप आला तर उशाशी कोण बसणार? घरची मागची खोली त्याने तिच्यासाठी रंगवूनही ठेवली होती. संध्याकाळच्या बसने तिला घेऊनच येतो, असं तो सगळ्यांना सांगून निघाला होता.

धाकटीला जायचं नव्हतं, आणि दादाशी वाद घालून आजवर कोणी जिंकलं नव्हतं. पण पर्यटकांना शहर दाखवणं हे तिचं काम होतं. सकाळी तोंड पाडून आलेल्यांना दुपारपर्यंत खुलवणं तिच्या हातचा मळ होता. आधी शहर बघ, मग बोलू, असं म्हणून तिने चपला घातल्या आणि सवयीने दाराजवळची लाल छत्री उचलली.

दादा काही सोपं गिऱ्हाईक नव्हता. त्याचं कापडाचं दुकान, त्यामुळे दुसऱ्याच्या मालाची तारीफ करायची नाही हे अंगात मुरलेलं. घड्याळाच्या मनोऱ्यावर चढून धापा टाकत तो म्हणाला, वेळ तर खालूनही दिसत होती. संग्रहालयात राजाच्या अंगरख्याला हात लावायला गेला, रखवालदाराने हटकलं, तर कापड तसंही हलकंच आहे म्हणाला. धाकटी मनातल्या मनात हसली. कुरकुर करणारा माणूस निदान बघत तरी असतो.

जुन्या पुलावर मात्र घोळ झाला. मिटलेली छत्री उंच धरून, उलटं चालत बोलायची तिची पद्धत. पुरात कोणती कमान वाहून गेली ते ती रंगात येऊन सांगत होती. इतक्यात दादा जवळ येऊन हळूच म्हणाला, “ही माझ्या मागे कोण माणसं आहेत?”

बाबागाडी ढकलणारं एक जोडपं, दोन म्हातारे मित्र आणि आइसक्रीम खाणारी एक मुलगी. छत्री दिसली तशी मंडळी मागे लागली होती. धाकटीला ती केव्हाची दिसत होती, पण समोर घोळका असणं इतकं रोजचं की तिला काही वावगं वाटलंच नव्हतं. आता तिने सरळ सांगून टाकलं, की आजची फेरी फक्त भावासाठी आहे, त्याची हरकत नसेल तर या. सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. दारात आलेल्याला नको म्हणणं दुकानदाराला कुठलं जमतंय? “चला,” तो म्हणाला.

वरात सूपवालीच्या दुकानात जाऊन बसली. पाव आला, वाफाळतं सूप आलं, आणि धाकटीपुढे न सांगता जास्त मिरी घातलेला वाडगा आला. तो ठेवता ठेवता मालकीण करवादली, “खोकला गेला का? औषध संपवलंस, की ताप उतरला तशी बाटली ठेवून दिलीस?”

धाकटीने वाडग्यात मान घातली. आजारपणाचं तिने घरी कळूच दिलं नव्हतं.

दादाने चमचा खाली ठेवला. “मग उशाशी कोण होतं?”

“रात्री मी, दिवसा शेजारची शिंपीण,” मालकीण म्हणाली. “तुम्ही कोण?”

“मी तिचा भाऊ.” आयुष्यात पहिल्यांदा त्याला हे उत्तर अपुरं वाटलं.

“दादा, मी येत नाही,” धाकटी म्हणाली. “तुझ्यावर माझा जीव आहे. पण माझं इथे बरं चाललंय.”

 दादाने सूप संपवलं आणि आणखी एक वाडगा मागवला. बाहेर पडल्यावर तिच्या हातातली छत्री घेतली. आपण उंच आहोत, मागच्यांना नीट दिसेल, असं त्याचं म्हणणं. बाजारातून तो छत्री धरून असा ऐटीत चालला, की आणखी चार माणसं मागे लागली.

संध्याकाळी बसमध्ये धाकटीच्या जागेवर त्याने आपली पिशवी ठेवली आणि छत्री खिडकीतून तिच्या हातात दिली.

“पुढच्या महिन्यात तुझ्या वहिनीला आणतो,” तो म्हणाला. “तिला मनोऱ्यावर नेऊ नकोस, गुडघे धरतात. सूप पाज. आणि पुन्हा ताप आला तर कळव. मलाही एक रात्र बसू दे.”