आवाजाची दोरी

इंदूनं हनुवटीला धरून त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं, तेव्हा कुठे यज्ञेश्वरला कळलं की ती मघापासून बोलते आहे. त्याच्यापुढे घोंगडीवर प्रोजेक्टरचे सुटे भाग मांडलेले होते आणि हात मनगटापर्यंत काळे झाले होते.

"मोटार यायची वेळ झाली," ती ओठांनी एकेक शब्द नीट दाखवत म्हणाली. "काकासाहेबांना आजच सांगून टाका. खेळ सुरू व्हायच्या आत."

"सांगतो."

"कालही सांगतोच म्हणालात."

त्यानं रॉकेलात भिजवलेलं फडकं उचललं आणि दातेरी चाक पुसू लागला. इंदूनं ते फडकं काढून घेतलं.

"सुमेधाचे दिवस भरलेत. मला गेलंच पाहिजे. मी नसताना तुम्ही कुणाच्या कानांनी ऐकणार?"

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण सुमेधाचं माहेर बैलगाड्यांवर फिरत होतं. आईबाप काकासाहेबांच्या फिरत्या सिनेमाच्या तंबूबरोबर आज अकोले, उद्या राजूर. म्हणून इंदूच संगमनेरला लेकीच्या सासरी निघाली होती.

ती गेली. मोटारीमागची धूळ खाली बसेपर्यंत यज्ञेश्वर रस्त्यावर उभा होता.

नगरच्या भिक्षुकाचा हा मुलगा. बापानं संहिता पाठ करून घेतली, आणि ह्यानं मूकपटाचं यंत्र हातानं फिरवायची नोकरी धरली. पुढे पडदा बोलू लागला, तसा यंत्राला आवाजाचा भाग जोडला गेला. तोही तो शिकला. मात्र तंबूमागच्या ऑइल इंजिनाच्या शेजारी इतकी वर्षं काढून कान हळूहळू गेले. नगरच्या डॉक्टरांनी तपासून मान हलवली होती. बोलपटाच्या धंद्यात बहिरा ऑपरेटर कोण ठेवणार? म्हणून नवराबायकोनं मिळून एक तोड काढली. इंदू रोज बायकांच्या बाजूला, कनातीला टेकून बसायची. तिच्या बोटाला बांधलेली काळी दोरी कापडाखालून पत्र्याच्या केबिनमध्ये यायची आणि यज्ञेश्वरच्या मनगटाला बांधलेली असायची. एक हिसका म्हणजे आवाज वाढवा, दोन म्हणजे कमी करा, आणि सारखी ओढली तर काहीतरी बिघडलंय. दोन वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

दुपारी तो काकासाहेबांकडे गेलाही. ते बैलांच्या कडब्यावरून डोंगरातल्या एका माणसाशी घासाघीस करत होते. काकासाहेब मूळचे पाथर्डीकडचे शेतकरी. सलग दोन सालं पाऊस हुकला तेव्हा जमीन भावाकडे सोपवून त्यांनी तंबू घेतला होता.

"काय पंत, मशीन झालं का साफ?"

एवढं त्याला ओठांवरून समजलं. "झालं," तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य गिळून माघारी आला.

मशीन खरंच झालं होतं. आवाजाच्या चाकाच्या बेअरिंगमधले छर्रे झिजून बोटाला खडखडत होते. महायुद्ध संपून वर्ष उलटलं तरी नवे मिळत नव्हते. म्हणून त्यानं त्यांत घट्ट ग्रीस ठासून भरलं. उन्हात फिरवून पाहिलं, चाक लोण्यासारखं फिरलं.

दिवेलागणीला तंबू भरला. बाजारचा दिवस होता, डोंगरातली माणसं कांबळी पांघरून आली होती. थंडी अशी, की बोलणाऱ्याच्या तोंडातून वाफ निघत होती. दोरी यज्ञेश्वरनं सवयीनं मनगटाला बांधली. तिचं दुसरं टोक कनातीपाशी मोकळंच लोंबत होतं.

पहिलं रीळ निम्मं सरलं आणि त्यानं झरोक्यातून पाहिलं. माणसं हसत होती. पडद्यावर देव भक्ताला वर देत होता. तिथं हसण्यासारखं काही नव्हतं. मग एकेक डोकं मागे वळलं. उघडी तोंडं, शिट्टीसाठी तोंडात घातलेली बोटं. सगळे केबिनकडे बघत होते.

दार उघडून काकासाहेब आत शिरले. त्यांचे ओठ भराभर हलत होते. अंधारात त्याला काहीच कळेना.

यज्ञेश्वरनं मशीन थांबवलं, केबिनमधला बल्ब लावला आणि भिंतीला पाठ टेकली.

"मला ऐकू येत नाही, काकासाहेब."

"काय?"

"ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. इंदू खुणा करायची. आज ती नाही."

बाहेर कुणीतरी पत्र्यावर काठी हाणली, तिचा हादरा यज्ञेश्वरच्या पाठीला कळला.

"आवाजाचं काय झालंय?" त्यानं विचारलं. "सावकाश सांगा. माझ्याकडं बघून."

"द्येव बोकडावानी वरडतुया!" काकासाहेबांनी हातानं लाट काढून दाखवली. "वर-खाली, वर-खाली!"

यज्ञेश्वरनं आवाजाच्या चाकावर बोट टेकलं आणि ते हातानं फिरवलं. चाक अडखळत, दमा झालेल्या माणसासारखं फिरत होतं. ग्रीस! उन्हात मऊ असलेलं ग्रीस थंडीनं थिजलं होतं, म्हणून चाकावरून जाणारी फिल्म अडखळत होती आणि तिच्याबरोबर आवाजही. त्यानं झाकण काढलं, काडीनं ग्रीस उपसलं, रॉकेलानं छर्रे धुतले आणि शिवणयंत्राच्या तेलाचे थेंब सोडले. ह्या कामाला त्याला कान लागत नव्हते. काकासाहेब बाहेर जाऊन लोकांना थोपवून आले आणि त्याच्या मागे उभे राहिले.

"आता तुम्ही ऐका," यज्ञेश्वर म्हणाला. "आवाज सरळ आला की माझ्या खांद्यावर हात ठेवा."

मशीन सुरू झालं. पडद्यावर देवानं पुन्हा हात वर केला. यज्ञेश्वर बोटानं चाकाची थरथर चाचपत होता. थरथर विरत गेली. तरी खांद्यावर काही येईना. तो मागे वळणार, तेवढ्यात काकासाहेबांचा जड हात खांद्यावर पडला. शेवटचं रीळ संपेपर्यंत तो हात तिथून हलला नाही.

सकाळी यज्ञेश्वरनं आपली वळकटी बांधून ठेवली. काकासाहेब आले, ती बघून खाली बसले आणि दोन बोटांनी त्याचं लक्ष वेधून घेत सावकाश बोलू लागले.

"राग आलाय मला. लई आलाय. मला सांगायला काय झालं हुतं?"

"काढून टाकाल म्हणून."

"टाकलं असतं," काकासाहेब म्हणाले. "तवा टाकलं असतं. काल रातच्याला न्हाई टाकू शकलो. ह्या खटाऱ्याला कोन नवा मानूस हात लावतुय? आन वैनी रोज तंबूत बसायच्या, तर मला वाटायचं, खेळाचं याड हाय बाईला!"

एवढं बोलून ते हसले. यज्ञेश्वरला हसू आलं नाही, डोळेच भरले. हात रात्रीच्या ग्रीसनं अजून काळे असल्यामुळे पुसताही येईनात.

बायकांच्या दारावर तिकिटं बघणारी लंकाबाई मागे उभी होती. तिनं दोरीचं टोक आपल्या बोटाला गुंडाळून दाखवलं. "मी हाय न्हवं? दारावर बसून नुसती जांभया देतीया. एक म्हंजी वाढवा, दोन म्हंजी कमी. हाय काय त्यात!"

त्या दिवशी यज्ञेश्वर पोटभर जेवला. उठल्यावर त्यानं वळकटी सोडून अंथरूण पूर्वीच्या जागी पसरलं.

बारसं आटोपून इंदू परत आली ती चेहऱ्यानं उतरलेली. नातीचं नाव सुनीती ठेवलं, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, हे सांगताना तिची नजर सगळीकडे फिरत होती. तंबू आहे, मशीन आहे, नवरा आहे.

"सांगितलंत?"

"सांगावं लागलं."

त्यानं सगळं सांगितलं. ती मातीवरच बसली आणि तिनं कपाळावर हात ठेवला. मग विचारलं, "म्हणजे आता मी काय करायचं?"

"खेळ बघ."

संध्याकाळी लंकाबाईनं तिला पुढे, चांगल्या जागी नेऊन बसवलं. हा बोलपट इंदूनं किती वेळा ऐकला होता. पण आवाज चढला की पडला, ह्यातच जीव गुंतलेला, त्यामुळे गोष्ट कुणी विचारली असती तर सांगता आली नसती.

पहिलं रीळ संपलं, दुसरं लागलं. विदूषक पडद्यावर आला आणि सगळा तंबू हसला. हलणाऱ्या खांद्यांवरून यज्ञेश्वरला ते झरोक्यातून दिसलं. पुढच्या खांबापाशी एकच डोकं हललं नाही. पदर तोंडावरून घसरला होता, पाय लांब पसरले होते, आणि त्या गदारोळात इंदू गाढ झोपली होती.