खिडकीतली चप्पल

…निळी चप्पल, पुरुषाची, नऊ नंबरची तरी असेल—उन्नतीच्या मागे, खिडकीच्या फटीत आडवी खोचलेली, आणि वरचा पडदा असा हलतोय की जणू कुणी आत्ताच तिथून उठून गेलंय. भैय्याजींनी मोबाईल डोळ्यांपाशी नेला. पोलंडहून पोरगी सांगत होती, थोडा बुखार आहे पप्पा, बस, मौसम चेंज झाला ना—आणि सांगता सांगता खोकत होती. पण त्यांचं लक्ष खोकल्यावर नव्हतं. कॉलेजनं सहा महिन्यांच्या प्लेसमेंटला पाठवलेली पोरगी, भाड्याची खोली, एकटी राहते म्हणे… मग ही?

"मागं कोण आहे?"

"कोणी नाही. खिडकी आहे, पप्पा."

आणि तिनं फोन वळवला. पटकन वळवला.

भैय्याजींचा जन्म प्लांटच्या सेफ्टी खात्यात गेला. नव्या पोरांना ते शिकवायचे—जे दिसतं, वाजतं, वास मारतं, ते बिचारं सरळ असतं. ज्याला वास नाही, आवाज नाही, त्याच्यावर संशय घ्या. गॅस असाच येतो. रिटायर झाले तेव्हा हेल्मेट परत केलं, संशय तेवढा घरी आणला. उन्नती तिकडं पोहोचली त्याच दिवशी त्यांनी फोनवर सूचना दिल्या होत्या—बाथरूममधला गॅसचा गिझर, खिडकी, प्लग, जिना, बर्फ, अनोळखी माणसं—या क्रमानं. अनोळखी माणसं शेवटी ठेवली, हीच चूक झाली असं आता वाटत होतं.

स्वयंपाकघरात मथुरा फोनवर कुजबुजत होती. नवरा दारात दिसताच थांबली.

"कोणाचा फोन?"

"सिलिंडरवाल्याचा."

"मग कावून हळू बोलून राहिली होती?"

"घसा बसला माझा."

म्हणजे पोलंडात लेक खोकते आणि इथं नेहरू नगरात त्याच दिवशी आईचा घसा बसतो. दोघींना माहीत आहे, मला नाही… बुखार खरा असेल की नाही हाच प्रश्न आहे. माणूस बुखाराच्या नावाखाली काय काय लपवतो! ते स्वतःच नोकरीत असताना मॅचच्या दिवशी आजारी पडायचे; पण ती गोष्ट वेगळी होती, तेव्हा बिमारीला डॉक्टरची सही असायची.

संध्याकाळी दूध आणायला निघाले तर फाटकापाशी शेजारचा भूपेंद्र उभा. सवयीनं भैय्याजींची नजर त्याच्या पायांवर गेली. उन्नती गेली त्याच सुमारास त्यांच्या जुन्या चपला दारातून नाहीशा झाल्या होत्या—तुटलेल्या पट्ट्याला त्यांनी स्वतः तळातून आरपार तांब्याची तार ओवून, पकडीनं पिळून बसवली होती—आणि तेव्हापासून भूपेंद्रचा कुत्रा संशयित होता.

"काका, अजून माझ्याच पायाकडं पाहून राहिले? कुत्रा तर गेला आमचा."

"कशानं गेला?"

"बुड्ढा झाला होता."

भैय्याजींना हेही पटलं नाही.

दूध ठेवलं आणि त्यांनी स्वतःच फोन लावला. उन्नती रजईत, हनुवटीपर्यंत. डोळे लाल, ओठ सुकलेले—बुखार खरा होता तर… हे पाहून त्यांना आधी बरं वाटलं आणि मग, बरं वाटलं याची लाज. बोलता बोलता तिच्या हातून फोन उशीवरून घसरला, स्क्रीन गरकन फिरली आणि चप्पल एकदम समोर आली. मोठी. पट्ट्यावर तांब्याची तार. दोन पीळ, शेवट आत वळवलेला, पायाला टोचू नये म्हणून.

"ही… माझी आहे."

"तुमचीच," मागून मथुरा म्हणाली. "ते तार फरशीवर वाजते ना तुमी चालले का. सकाळी उठल्याबरोबर घरभर टकटक, टकटक. तिकडं सुनं वाटते म्हणे पोरीले, म्हणून नेल्या. खोलीत घालून फिरते."

भैय्याजींनी फोन आणखी जवळ घेतला.

"पण खिडकीत?"

"आप ही बोले थे ना, पप्पा," उन्नती खोकला आवरत म्हणाली. "गिझर आहे, रात्री खिडकी पूर्ण बंद करायची नाही. हवेनं आपटते ती. म्हणून अडकवली. रात को मायनस सात जाता है."

"मले कावून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं," मथुरा म्हणाली, "तर तुमी दुसरी खिडकीही उघडाले लावली असती."

उन्नती हसायला गेली, त्याचा खोकलाच झाला. मग म्हणाली, "मकान मालकीण रोज म्हणते, बंद कर. मी म्हटलं, पप्पा को पूछूंगी पहिले… बंद करू?"

बंद कर—शब्द ओठांपर्यंत आला, आणि त्यामागोमाग तो गिझर, कधी न पाहिलेला, आणि त्याचा बिनवासाचा विषारी गॅस… उघडी ठेव म्हणावं तर पडदा हलतोय, आणि पडद्याखाली बुखारात पडलेली पोरगी. दिवसभरात त्यांनी सगळ्यांना तपासलं होतं—कुणा पोराला, जो नव्हताच, मथुरेला, भूपेंद्रला, मेलेल्या कुत्र्यालासुद्धा. ते उगाच दोन पावलं चालले. नव्या चपला रबरी होत्या. आपण चाललो हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं नाही.

"पप्पा? आवाज येतोय ना?"

ती थांबली होती, कुडकुडत, पण निश्चिंत. पप्पा सांगतील तेच बरोबर असणार. आणि पहिल्यांदाच भैय्याजींना वाटलं, पोरीनं आपल्यावर थोडा तरी संशय घ्यायला पाहिजे होता…