रावजीचा कागद

"गंगे, हा कागद देवाच्या फळीवर ठेव. मी असेन-नसेन, रावजीने मागितला की त्याच्या हातात दे. माझ्या भावाला विचारत बसू नकोस."

शंभू असं म्हणाला तेव्हा गंगूबाईने समईवर हात ठेवून हो म्हटलं होतं. त्याला जाऊन आता सात महिने झाले. बहरीनला, मुहर्रकच्या ज्या घरी तो ड्रायव्हर होता, तिथेच ती अजून स्वयंपाक करायची आणि मागच्या खोलीत राहायची. कागद तिला पाठ होता. गावची ठासणीची बंदूक शंभूने राजीखुशीने गाववाल्या रावजीला दिली, बदल्यात त्याचा रेडिओ-कॅसेटचा टू-इन-वन घेतला; खाली दोघांच्या सह्या. लायसन तेवढं शंभूच्या नावावर राहिलं. सुट्टीवर गेलो की कचेरीत बदलून घेऊ, म्हणाले होते. ती सुट्टी आलीच नाही. बंदूक रावजीच्या भावाकडे गेली. तो त्या बंदुकीने रानडुकरं हाकलायचा.

मग दिराचं पत्र आलं. बंदूक आपल्या घराण्याची, दसऱ्याला आपल्याच देवापुढे पुजायची. कागद कुणाला दाखवू नकोस. गंगूबाईची लेक त्याच्याच घरी वाढत होती.

पाठोपाठ रावजी आला तो नेमका सोमवारी. सोमवारी गंगूबाईचं दिवेलागणीपर्यंत मौन.

"वहिनी, शंभूने कागद ठेवलाय ना तुमच्याकडे?"

तिने नकाराची मान हलवली. जिभेने काही खोटं बोलले नाही, अशी मनाची समजूत घातली.

त्या दिवसापासून शंभू खोलीत यायला लागला. टू-इन-वनमध्ये गावच्या भजनाची कॅसेट होती, त्यानेच भरलेली. अभंगाच्या मध्येच त्याचा खोकला होता. ती कॅसेट लावायचं तिने सोडलं, वायरसुद्धा काढून ठेवली. तरी सोमवारी तोंड मिटलं की खोकला यायचा. फळीकडून यायचा.

असाच एक सोमवार. शेजारची हिल्डा दुपारी चहाचा कप घेऊन आली. ती वसईची, हॉस्पिटलच्या ऑफिसात कामाला.

"तुझं मौन असलं की बरं गं, मला बोलायला मिळतं. घरात पोरं इंग्लिशमध्ये गप्प करतात." तिने बूड टेकलं. "आमच्या हॉस्पिटलची गाडी चालवतो ना, तिकडे रिफाला राहणारा रावजी? त्याच्या भावाला गावी पोलिसांनी धरलाय. तुझ्या दिराने तक्रार दिली म्हणे, बंदूक चोरली म्हणून. बिचारा लीव्ह काढून आज रात्रीच्या विमानाने चाललाय. म्हणतो, लायसन बदललं नाही त्याची शिक्षा भोगू, पण चोर कसे झालो? आणि हातात पुरावा मफी, काही म्हणजे काही नाही."

खोकला आला. आज अगदी कानाशी. हिल्डा चहा फुंकत होती, तिला काही ऐकू आलं नाही.

गंगूबाईच्या डोळ्यांपुढे लेक आली, दिराच्या ओसरीवर परकर सावरून बसलेली. दीर तिला काय काय ऐकवेल, हेही कळलं. ती उठली. दिवेलागणीला अजून पाच तास होते. तिने फळीवरच्या समईखालचा कागद काढला, पदराच्या गाठीत बांधला.

"हिल्डाबाई," ती हळूच म्हणाली, "रिफाची बस कुठून सुटते?"

हिल्डाचा कप ओठांशीच थांबला. "अगं, तुझं मौन..."

"मोडलं."

तिने समईला हात लावून कपाळाला नेला, चपला घातल्या आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.