चारही चाकं घट्ट

रूपालीनं फुटलेली गोटी टेबलावर अशी आपटली, की मुनीबभाईच्या ग्लासातला चहा हिंदकळून बाहेर आला.

"ही तुमची करामत," ती म्हणाली. "बघा."

मुनीबभाईनं गोटीकडे बघितलंच नाही. गॅरेजचा मालक तो. दाढीला मेंदी, कपाळावर चष्मा. त्यानं फडक्यानं सावकाश चहा पुसला, ग्लास दुसऱ्या बाजूला सरकवला आणि मग म्हणाला,

"आधी बसायला शिक बेटा. मग बोलायला शिक."

"मी बसायला आलेली नाहीये."

गोटी म्हणजे अंगठ्याएवढा पोलादी तुकडा. चोरांनी चाक काढून नेऊ नये म्हणून गाडीच्या प्रत्येक चाकाला एक नट वेगळा, लॉकचा होता, आणि तो उघडायला ही खास आतून नक्षी असलेली गोटीच लागायची. आता नक्षीच्या जागी नुसता भुगा होता आणि मधोमध तडा. गेल्या आठवड्यात शेंद्र्याच्या रस्त्यावर टायर पंक्चर झाला तेव्हा आईनं हीच गोटी लावून पाना ओढला होता. नट हलला नाही. गोटी फुटली. तासभर उन्हात उभं राहून आईनं शेवटी क्रेन बोलावली आणि गाडी इथं, गॅरेजच्या दारात, आणून टाकली.

तेवढ्यावर भागलं असतं. पण मग कारभारीकाका आले.

काका आत्ताही तिच्या मागेच उभे होते. बाबांचे थोरले भाऊ. बाबा पुण्यात नोकरीला, महिन्यातून एकदा घरी. त्यामुळे गाडीचं काय करायचं ते पिशोरहून काका ठरवायचे. त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशातून गाडीच्या किल्लीची साखळी बाहेर लोंबत होती. ती त्या दिवसापासून तिथंच होती.

"सुरेखानं पाना उलटा फिरवला," असं त्यांनी आधी फोनवर बाबांना सांगितलं आणि मग पिशोरला आत्याच्या घरी लग्नाची सुपारी फुटली तिथं भर मांडवात. नुसतं सांगितलं नाही, करून दाखवलं. दोन्ही हातांनी हवेतला पाना धरून, दात आवळून, "अगं बाई, अगं बाई" करत. लोक जेवता जेवता हसले. आई वाढत होती. तिनं मठ्ठ्याची किटली खाली ठेवली नाही, पुढच्या पानापाशी गेली. रूपालीला मात्र त्या दिवशी जिलेबी गोड लागली नाही, आणि हे तिच्या बाबतीत पहिल्यांदाच झालं होतं.

सोमवारपासून आईला पहाटेची शिफ्ट होती. पॅकिंगच्या लाइनवर सुपरवायझर म्हणून. त्या शिफ्टला कंपनीची बस नाही. गाडी नाही तर शिफ्ट नाही, आणि शिफ्ट नाही तर सुपरवायझरकी दुसऱ्या कुणाला. हे आईनं घरात एकदाच सांगितलं होतं, भाकरी थापता थापता. काका म्हणाले होते, "बघू."

म्हणून रूपाली आज गॅरेजवाल्याच्या तोंडून वदवून घेणार होती. तुम्ही नट गननं वाजवीपेक्षा जास्त आवळले, असं, आणि काका आलेच आहेत तर त्यांच्या समोर, मोठ्यानं. त्यासाठी तिनं आठवडाभर मोबाइलवर इतके व्हिडिओ बघितले होते, की अकरावीचं फिजिक्स आपोआपच होऊन गेलं होतं.

"महिन्याखाली तुम्हीच नवे टायर टाकले," ती म्हणाली. "हवेच्या गननं धडाधड नट मारले. हातानं किती आवळायचं त्याचं माप असतं. ते बघितलंत का?"

"हौ, आता तू मला माप शिकवणार." मुनीबभाई उठला. "तुझ्या जन्माआधीपासून चाकं काढतोय मी. गन नुसती टेकवायला. शेवटचा पीळ टॉर्क पान्याचा. टक् वाजलं की बस्स. माझ्या गॅरेजातून अशी गाडी कधी गेली नाय."

"मग ही काय चालत आली?"

"क्रेननं आली," मुनीबभाई म्हणाला. "तुझ्या अम्मीनं पाना उलटा मारला म्हणून. तुझे काका सांगून गेले मला."

आई गाडीच्या डिकीपाशी उभी होती. तिनं मान वर केली नाही. डिकी उघडून ती काहीतरी शोधत होती. सकाळी निघताना रूपालीनं तिला परोपरीनं विनवलं होतं, की आपण दोघीच जाऊ, काकांना कशाला. आईचं एकच, "ते आल्याशिवाय नको. मी त्यांना फोन केलाय." रूपालीला इतका राग आला होता, की रिक्षात ती आईशी एक शब्द बोलली नव्हती.

"उलटा मारला?" तिचा आवाज चढला. "बरं. पुढचं डावं चाक आईनं उलटं फिरवलं. मग बाकीची तीन? त्यांना तिनं हातसुद्धा लावला नाही. लावा तुमचा पाना. साधा नट उघडून दाखवा."

"ए पोरी, हळू," काका म्हणाले. "दुकान आहे त्याचं."

मुनीबभाईनं रागानंच पाना उचलला. मागच्या उजव्या चाकापाशी उकिडवा बसला, साध्या नटाला पाना लावला आणि एका हातानं ओढला. मग दोन्ही हातांनी. मग उभा राहिला, पान्याच्या दांड्यात लांब पाइप घातला, आणि अंगाचा सगळा भार टाकला. कर्रर्र करून नट किंचित सरकला. त्यानं बोटानं चष्मा डोळ्यांवर घेतला. पुढच्या उजव्या चाकापाशी गेला. तिथंही तेच. मागच्या डाव्यालाही तेच.

"चारही," रूपाली म्हणाली. आनंदानं तिचे कान गरम झाले होते. "चारही चाकं! आता सांगा कुणी उलटं फिरवलं."

आणि काका फिरले. क्षणात फिरले. सुपारीतला हवेतला पाना जणू कुणी दुसऱ्यानंच धरला होता.

"काय ओ मियाँ?" ते पुढे झाले. "ही रीत व्हय तुमची? गिऱ्हाईक रस्त्यावर मेलं तरी चालंल? बाईमाणूस उन्हात उभं राहिलं माझ्या घरचं!"

"काका, जबान सांभाळून." मुनीबभाईचा चेहरा तांबडा झाला. "हे माझं काम नाय. इथून गाडी गेल्यावर कुणीतरी पाना लावलाय. लई जोरात लावलाय."

"कोण लावील? भूत?"

"मला काय माहीत. तुमच्या घरचं भूत तुम्हाला माहीत."

"तोंड बघा याचं! चोर तो चोर—"

"चोर कुणाला म्हणता? उचला तुमची गाडी. ढकलत न्या. माझ्या दारात नको."

रस्त्यावरून जाणारे दोघं-तिघं थांबले. शेजारच्या बॅटरीवाल्यानं मान बाहेर काढली. रूपालीला वाटलं होतं, आपण जिंकलं की मस्त वाटेल. पण मुनीबभाईनं हातातला पाइप खाली ठेवला नव्हता आणि काकांनी बाह्या वर केल्या होत्या, आणि आईचं नाव कुणी घेतच नव्हतं.

"मग आता कळलं ना, आईची चूक नव्हती," ती मध्येच बोलली. "काका, किल्ली द्या तिला."

काकांनी तिच्याकडे असं बघितलं, जसं ती कुठल्या तिसऱ्याच गावाबद्दल विचारत होती.

"किल्लीचा काय संबंध? चूक कुणाचीबी असू दे. रस्त्यात असं झालं तर बाईनं काय करायचं? पाना ओढायला अंगात जोर लागतो. ते येड्या-गबाळ्याचं काम नाय. किल्ली माझ्याकडंच बरी."

रूपालीचे आठवडाभराचे सगळे व्हिडिओ संपले होते.

"मुनीबभाऊ," आई म्हणाली. गॅरेजात आल्यापासून पहिल्यांदाच. "नट तेवढे काढून द्या. लॉकचे नकोच आता, चारही साधे टाका. आणि तुमच्या पद्धतीनं आवळा. जायचंय आम्हाला."

तिच्या आवाजात भांडण नव्हतं, म्हणूनच बहुधा मुनीबभाईनं ऐकलं. तोंडानं पुटपुटत त्यानं एक जुनी, किंचित लहान गोटी हातोड्यानं लॉकच्या नटावर ठोकून बसवली आणि पाइप लावला. नट निघताना डुकरासारखा किंचाळला. असे चार. मग बाकीचेही सगळे सैल केले, पंक्चरचं चाक काढून स्टेपनी चढवली. साधे नट आले. शेवटी तो टॉर्क पाना घेऊन एकेका चाकापाशी बसला. टक्. टक्. टक्. प्रत्येक टक् झालं की तो रूपालीकडे बघायचा. ती दुसरीकडे बघायची.

"झालं," तो उठत म्हणाला. "आता तुझ्या मोबाइलला दाखव."

आईनं डिकीतून गाडीचा पाना काढला होता. तो तिनं पुढच्या चाकाला टेकवून ठेवला.

"दादा," ती काकांना म्हणाली, "तुम्ही एकदा बघून घ्या. तुमचा हात फिरला म्हणजे मला बिनघोर."

काका खुलले. आठवडाभरात पहिल्यांदा त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं.

"हां, हे शहाण्यासारखं बोललीस. गॅरेजवाल्याच्या पान्यावर कधी भरोसा ठेवू नाय." त्यांनी मुनीबभाईकडे तिरकं बघितलं. "आमच्या पिशोरला ट्रॅक्टरचं चाक बसवलं की म्हणतात, ज्याच्यावर माणूस उभा राहिला नाय, तो नट बसलाच नाय."

त्यांनी पाना नटाला आडवा लावला. चप्पल काढली. एका हातानं गाडीच्या टपाचा आधार घेतला, उजवा पाय पान्याच्या दांड्यावर ठेवला, आणि चढले. सगळेच्या सगळे काका त्या दांड्यावर उभे राहिले आणि दोनदा, अगदी सवयीनं, गुडघ्यात दबून वर आले. नट कुरकुरला. मग पुढचा नट. पुन्हा पाय, पुन्हा दोन झोके.

तिसऱ्या नटाला त्यांच्या लक्षात आलं, की कुणीच बोलत नाहीये.

मुनीबभाई हातात टॉर्क पाना घेऊन उभा होता. बॅटरीवाला दुकानातून पूर्ण बाहेर आला होता. मुनीबभाईनं तोंड उघडलं, तेवढ्यात आईनं त्याच्याकडे बघून नुसता तळहात थोडा वर केला. त्यानं तोंड मिटलं. ते सोपं नसावं.

काका दांड्यावर उभे होते. खाली उतरायचं, की झोका पुरा करायचा, हे त्यांच्या पायाला ठरवता येत नव्हतं.

"उतरा, दादा," आई म्हणाली. "पडाल."

काका उतरले. चप्पल शोधली. ती समोरच होती, तरी शोधली. मग हात धुवायला म्हणून ते मागच्या नळाकडे गेले आणि बराच वेळ नळ वाहत राहिला.

"तुला माहीत होतं?" रूपालीनं कुजबुजत विचारलं.

"दादांनी नवे टायर टाकून आणले ना, त्या दिवशी मी गच्चीवर पापड घालत होते. खाली अंगणात गाडी दिसत होती," आई म्हणाली. पान्याच्या दांड्यावर पायाच्या धुळीचा ठसा उमटला होता. तो तिनं फडक्यानं पुसला.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस? सुपारीत सगळ्यांसमोर—"

"कुणाला सांगायचं होतं? सगळे हसत होते."

मुनीबभाई पुन्हा चाकापाशी बसला. आवळलेले नट सैल केले, परत लावले. टक्. टक्. रूपाली त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"सॉरी, चाचा," ती शेवटी म्हणाली.

"चहा सांडलास माझा," तो वर न बघता म्हणाला. "सरक. उजेड अडवू नको."

काका आले तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत ओले होते. आईनं आपला हात पुढे केला. तळवा वर, जसा ती दुकानात सुट्ट्यासाठी करायची. काकांनी ओल्या बोटांनी खिशातली साखळी ओढली. ती शिलाईत अडकली, दुसऱ्यांदा ओढावी लागली.

"जालना रोडला ट्रक लई असतात," ते म्हणाले.

"असतात," आई म्हणाली आणि गाडीत बसली.

काका पुढच्या डाव्या सीटवर बसले, रूपाली मागे. आईनं आरसा आपल्या उंचीला केला. गाडी गॅरेजबाहेर निघाली, रस्त्याला लागली. चिकलठाण्याच्या पुढे एक ट्रक आडवा आला आणि आईनं वेग कमी केला.

मागून रूपालीला दिसलं. काकांचा उजवा पाय, तोच, गाडीच्या तळावर गच्च दाबला गेला होता. तिथं ब्रेक नव्हता. ट्रक गेला, रस्ता मोकळा झाला, तरी पाय तिथंच होता.